पिवळा थोडा कमी

९ जानेवारी

छापखान्याची डायरी दरवर्षी मिळायची आणि दरवर्षी मी ती कुणाच्या तरी गळ्यात मारायचो. यंदा निवृत्त झालो. गळ्यात मारायला कोणी उरलं नाही, म्हणून स्वतःच लिहायला बसलोय. मुखपृष्ठावरचा निळा साफ चुकलेला आहे. मी सोडून गेल्यावर छापलंय हे उघड दिसतं. मी असतो तर तो गठ्ठा मशीनवरून खाली उतरू दिला नसता. उगाच नाही मला सगळे रंगोबा म्हणायचे.

लिहायचं निमित्त म्हणजे लेकीने पाठवलेला कॅमेरा. ती लांबच्या देशात इस्पितळात नर्स आहे. सोबत चिठ्ठी, "बाबा, घरात बसून आईच्या डोक्याला ताप देण्यापेक्षा फोटो काढायला शिका." कॅमेरा मिररलेस आहे म्हणे. म्हणजे आत आरसा नाही, म्हणून एवढासा, स्वेटरच्या खिशात मावतो.

मी हे सगळं हिला समजावून सांगितलं तर ही म्हणाली, "आरसा नाही ते बरंच झालं. तुम्हाला कुठे स्वतःकडे बघायची सवय आहे?"

लेकीची अट एकच आहे. दर रविवारी आईचा एक चांगला फोटो पाठवायचा. कारण ही व्हिडिओ कॉलवर येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आपलंच तोंड बघत बोलायला हिला कसंतरी होतं. साध्या फोनवर मात्र तासभर दोघींची टकळी चालते.

११ जानेवारी, रविवार

मेनू आहे की कचेरी? एका खिडकीवर जावं तर ती दुसऱ्या खिडकीवर पाठवते. फोकस कुठे बदलायचा हे शोधता शोधता तारीख बदलून बसलो. पुस्तिकेतली अक्षरं इतकी बारीक की ती वाचायला आधी तिचा फोटो काढून मोठा करावा लागेल, आणि फोटो काढता येत असता तर पुस्तिका कशाला लागली असती?

एक मात्र मानलं पाहिजे. माणूस समोर आला की हे यंत्र त्याचा डोळा शोधून काढतं आणि डोळ्यावर छोटा हिरवा चौकोन लावतं. माणूस हलला तरी चौकोन डोळा सोडत नाही. ही स्वयंपाकघरात इकडून तिकडे फिरत होती आणि चौकोन तिच्या मागे मागे. मला गंमत वाटली. ही वैतागली. "नेम धरल्यासारखं काय करताय?"

फोटो सगळे हललेले. त्यातला कमी हललेला पाठवला. लेकीचं उत्तर, "आई भूत झालीय."

२५ जानेवारी, रविवार

आज पहिल्यांदा मनासारखा फोटो आला. खिडकीशी खुर्ची, एका बाजूने उजेड, दुसरी बाजू सावलीत. गालाचं हाड असं सुरेख उठून आलंय की मी स्वतःच बघत बसलो.

ही बारीक झाली आहे. हल्ली अर्धं ताट ठेवून उठते, म्हणते, पित्त झालंय, अन्नाचा वासच नको वाटतो. मी म्हटलं, वजन उतरलं ते छानच झालं, गुबगुबीत चेहऱ्यावर उजेड असा पडत नाही. ती म्हणाली, "चला, म्हातारपणी का होईना, हाडं तरी आवडली."

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर आभाळ होतं म्हणून संध्याकाळी दिव्याखाली काढले. दोन अडचणी आल्या. एक म्हणजे ही सारखी हात खाजवते, त्यामुळे हात पुसट येतात. थंडीने कातडी कोरडी पडली असणार. तेल लाव म्हटलं. दुसरी म्हणजे फोटो पिवळे.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिने फोटो बघितला. मग म्हणाली, "अहो, मी अशी पिवळी दिसते?"

"तू नाही गं. बल्ब पिवळा आहे."

"सकाळी आरशातसुद्धा मला जरा तसंच वाटलं."

"आरशावरचा बल्ब त्याच दुकानातला आहे. एकाच वेळी आणले होते." मग मी तिला व्हाइट बॅलन्स म्हणजे काय ते सांगितलं. आपला डोळा दिव्याचा पिवळेपणा आपोआप वजा करतो, यंत्राला ते शिकवावं लागतं, वगैरे. अक्कल पाजळायची संधी मी कधी सोडत नाही.

तिने ऐकून घेतलं. "मग असेल तसंच," म्हणाली. "रंगातलं तुम्हालाच कळतं."

लेकीने कॅमेऱ्याबरोबर कॉम्प्युटरमधला एक प्रोग्रामही दिलाय. त्यात एक पट्टी आहे, ती निळ्याकडे सरकवली की पिवळा उतरतो. सरकवत गेलो. आमच्याकडे नियम होता, चेहरा बरोबर तर सगळं बरोबर. गिऱ्हाईक पडदे बघत नाही, भिंत बघत नाही, चेहरा बघतं. प्रूफवर मी आयुष्यभर एकच शेरा सगळ्यात जास्त लिहिला असेल, "पिवळा थोडा कमी." तोच आज स्वतःच्या बायकोवर लिहिला. चेहरा अगदी जसा हवा तसा आला. पाठवला.

१५ फेब्रुवारी, रविवार

दिवसाच्या उजेडातही पिवळाच येतोय. हिच्या मागची भिंत हस्तिदंती रंगाची आहे, तिच्यावरून उजेड उडून चेहऱ्यावर येतो. हे मला आधी कळायला हवं होतं. भिंतीवर पांढरी चादर ठोकली. खिळे मारल्याबद्दल बोलणी खाल्ली. चादर लावूनही फरक फारसा नाही. चादरच जुनी, ती तरी कुठे धड पांढरी आहे?

ही मॉडेल म्हणून मात्र आता एकदम तयार झालीय. पूर्वी बूड म्हणून टेकायची नाही. आता उशीला टेकते ती मी बस म्हणेपर्यंत हलत नाही. कधी कधी तसाच डोळा लागतो. फक्त पुढे वाकून बसते. ताठ बस म्हटलं की म्हणते, "ताठ बसलं की पाठीत कळ येते हो." खुर्चीच तशी आहे. बदलायला हवी.

२१ फेब्रुवारी

लेकीने फोनवर सांगितलं की राखाडी रंगाचं एक कार्ड मिळतं, ते चेहऱ्याजवळ धरून कॅमेऱ्याला दाखवायचं, म्हणजे रंग नेमका येतो. बाजारात जाऊन आणलं. हिने ते हनुवटीखाली धरलं. "कैद्यासारखी पाटी कशाला?" म्हणाली.

कार्ड बरोबर आलं, चादर बरोबर आली, चेहरा पिवळा तो पिवळाच. म्हणजे कार्डाचाच रंग चुकलेला. स्वस्तातलं कार्ड, कुणी छापलं देव जाणे, राखाडी धरणं हे येरागबाळ्याचं काम नाही. फेकून दिलं. मी आपला डोळ्यानेच जुळवतो. इतकी वर्षं कार्डावर पोट भरलं का माझं?

चेहरा जुळवला की चादर आणि तिचा पांढरा स्वेटर निळसर होतात. असू दे. स्वेटर कोण बघतं?

१ मार्च, रविवार

लेकीचा फोन. मी स्पीकरवर ऐकत होतो.

"आई, किती बारीक झालीस. डॉक्टरला दाखवलंस का?"

"पित्ताचं औषध घेतेय गं. तू तिकडे स्वतःकडे बघ."

"बाबा, भूक कशी आहे तिची?"

मी म्हटलं, बेताची.

ती विचारत राहिली. पोट दुखतं का, पाठ दुखते का, झोप लागते का. नर्स झाल्यापासून लेकीचं बोलणंच तपासणीसारखं झालंय. शेवटी म्हणाली, "रंगावरून तरी बरी दिसतेय. रंग चांगला आहे चेहऱ्याचा." मला अभिमान वाटला. मी म्हटलं, "रंग कुणी केलाय?" सगळे हसलो.

८ मार्च, रविवार

आजकाल फोटो मोठा करून डोळ्यापर्यंत जातो. हे यंत्र डोळ्यावर असा नेमका फोकस करतं की पापणीचा केस न केस मोजावा. पण तेवढं मोठं केल्यावर डोळ्यांचा पांढरा भागही मळकट पिवळा दिसायला लागला. चेहऱ्याचा पिवळा काढला तरी तिथे थोडा उरतो. प्रोग्राममध्ये एक ब्रश सापडला. तेवढ्याच जागेवर फिरवला. डोळे कसे स्वच्छ, तरतरीत दिसायला लागले. ही बघून म्हणाली, "अशी मी कधी दिसत होते?"

१० मार्च

दिवसभर कॅमेरा घेऊन भटकलो. लाँड्रीवाल्याची वाफ, सायकलींची रांग, शिंप्याच्या दुकानातले उंच टांगलेले कोट. त्यातला एकही फोटो पिवळा नाही. घरचाच उजेड खराब आहे. ही येणार होती, पण जिन्याच्या निम्म्यावरून परत फिरली. दम लागला म्हणाली.

२२ मार्च, रविवार

हिची धाकटी बहीण आली होती. दारातच म्हणाली, "ताई, अगं किती उतरलीस. आणि रंग असा काय झालाय पिवळट?"

मी म्हटलं, "मेव्हणीबाई, आधी आत या. तो रंग भिंतीचा आहे." आणि तिला भिंत, चादर, बल्ब सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"भावोजी, मला एवढं कळत नाही. ती पिवळी दिसते एवढं मला दिसतं."

"दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. माझा जन्म त्यात गेलाय."

ही म्हणाली, "जाऊ दे गं, यांच्याशी रंगावरून वाद घालू नये."

दोघींना खिडकीशी शेजारी शेजारी बसवून फोटो काढला. उजेड तोच, भिंत तीच. संध्याकाळी कॉम्प्युटरवर जुळवायला बसलो आणि नाकी नऊ आले. हिचा चेहरा बरोबर केला की मेव्हणी निळी पडते. साधीसुधी नाही, प्रेतासारखी निळी. मेव्हणी बरोबर केली की ही पिवळीधमक होते. एका फोटोत, हातभर अंतरावर बसलेल्या दोन बायका, दोघी एकदम बरोबर काही केल्या येत नाहीत. छापखान्यात असं झालं असतं तर मी सरळ म्हटलं असतं, प्लेट खराब आहे. इथे लेन्स खराब असणार. डाव्या बाजूला पिवळी मारते.

आज लेकीला फोटो पाठवला नाही.

२४ मार्च

कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेला. तरणाबांड आहे पण हात सावकाश चालतो, ते मला आवडलं. मी त्याला दोघींचा फोटो दाखवला आणि लेन्सची डावी बाजू तपासायला सांगितली. त्याने लेन्स लावून पांढऱ्या कागदाचा फोटो काढला. मग कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढला. कागद दोन्ही वेळा एकसारखा पांढरा.

"काका, लेन्स ठीक आहे."

"मग हे काय आहे?"

त्याने कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातले बाकीचे फोटो बघू का विचारलं. मी म्हटलं, बघ. तो पडद्यावर मागे मागे जात राहिला. मार्च, फेब्रुवारी, जानेवारी. ते सगळे कॅमेऱ्यातून आले तसे होते, मी काही न केलेले. मग तो पुन्हा जानेवारीपासून पुढे आला. त्याने कॅमेरा माझ्यापुढे ठेवला, पण माझ्याकडे बघेना.

"या काकू कोण?"

"माझी बायको."

"काका, कॅमेरा ठीक आहे," तो परत म्हणाला. "काकूंना एकदा डॉक्टरकडे न्या."

मला राग आला. लेन्स दुरुस्त करता येत नाही म्हणून माणसांवर घसरतोस का, असं काहीतरी मी म्हणालो. त्याने ऐकून घेतलं. तपासणीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, हेच मला जास्त लागलं.

२५ मार्च

सकाळी ही गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली आणि एक टॉवेल टाकून कठड्याला धरून उभी राहिली. मी आत कॅमेरा आणायला वळलो आणि वळता वळता थांबलो. कॅमेरा न घेताच बाहेर गेलो.

"काय?" ती म्हणाली. "आज हत्यार कुठाय?"

बाहेर लख्ख ऊन होतं. भिंत नाही, बल्ब नाही, चादर नाही. दोरीवरचा टॉवेल पांढराशुभ्र. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं ते मला सांगता येत नाही. मी रोज बघत होतो, पण चौकोन लागला की नाही तेवढंच बघत होतो.

मी म्हटलं, "कपडे राहू दे. चप्पल घाल."

"कुठे जायचंय?"

"डॉक्टरकडे."

तिने काही विचारलं नाही. वादही घातला नाही. चप्पल घालायला खाली बसली ती मला हात धरून उठवावी लागली. हाताला काहीच वजन नव्हतं.

३ एप्रिल

स्वादुपिंडात गाठ आहे. तिने पित्ताची नळी दाबून धरलीय, म्हणून कावीळ, म्हणून खाज, म्हणून सगळं. यकृतातही पोचलंय.

डॉक्टरने विचारलं, "डोळे पिवळे कधीपासून आहेत?"

ही म्हणाली, "झाले असतील थोडे दिवस."

तो माझ्याकडे वळला. मला नेमकं माहीत होतं. माझ्याकडे रविवारनिहाय पुरावा आहे. मी म्हटलं, "लक्षात नाही आलं."

"आधी आला असतात तर निदान ऑपरेशनचा विचार करता आला असता," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "या आजारात बऱ्याच जणांना उशीरच होतो." भला माणूस असावा. मला त्या क्षणी त्याच्या पाया पडावं की त्याचा गळा धरावा कळेना.

रिक्षात ही माझा हात धरून बसली होती. थोपटत होती. मला.

९ एप्रिल

नळीत एक छोटीशी जाळीची नळी बसवली, पित्ताला वाट करून द्यायला. एवढंच करण्यासारखं आहे, म्हणाले. लेक आली. विमानतळावरून थेट इस्पितळात, बॅग घेऊनच. हिला बघितलं आणि दारातच क्षणभर थांबली. मग पुढे येऊन तिने पहिली गोष्ट काय केली तर अंगठ्याने हिची खालची पापणी ओढून डोळा बघितला.

मी तिची नजर टाळत होतो.

१४ एप्रिल

घरी आणलं. पिवळेपणा भराभर उतरतोय. आज खिडकीशी बसली होती तर अगदी पूर्वीसारखा रंग. खाजही गेली. शेजारपाजारचे येऊन म्हणतात, बऱ्या दिसताय हो. ही हसून मान डोलावते. महिना, दीड महिना, असं डॉक्टरने लेकीला सांगितलंय.

दुपारी तिघंच होतो. लेक फोनवर माझे जुने फोटो बघत होती, मी पाठवलेले. बघता बघता तिचा चेहरा बदलत गेला.

"बाबा, हा आठ मार्चचा. यात आईचे डोळे पांढरे आहेत."

मी उठून खिडकीचा पडदा सारखा करायला लागलो.

"आठ मार्चला हे डोळे पांढरे असूच शकत नाहीत. पंचवीस तारखेच्या रिपोर्टातला काविळीचा आकडा मी बघितलाय. तो काही एका दिवसात चढत नाही. हे फोटो बदललेत का?"

तेवढ्यात पलंगावरून ही म्हणाली, "मीच सांगितलं होतं यांना."

लेक वळली. "काय सांगितलं होतंस?"

"पिवळी दिसते ते काढून टाका म्हणून. तुला कळायला नको म्हणून. तू एवढ्या लांब, उगाच जिवाला घोर."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो."

"आई, मी रोज परक्या माणसांचे डोळे बघते गं," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "रोज. एक फोटो मला नीट दिसला असता तर मी फेब्रुवारीत तुला उचलून नेलं असतं. तू मला ते करू दिलं नाहीस."

ही म्हणाली, "चुकलं माझं."

मी मूग गिळून गप्प बसलो.

१५ एप्रिल

लेक औषधं आणायला गेली तेव्हा मी हिला विचारलं, "असं का बोललीस?"

"मग काय बोलायला हवं होतं?"

"जे झालं ते. तू मला विचारलं होतंस. मी बल्ब म्हणालो."

"ते आपलं आपल्यात." ती दमली होती, एकेक वाक्य सावकाश येत होतं. "मी काय, चार दिवसांची. मला ती किती दिवस रागावणार? तुम्हाला पुढे तिचाच आधार आहे. तुम्हाला साधा भात लावता येत नाही."

"हे बरोबर नाही."

"तुम्ही आता बरोबर-चूक ठरवू नका," ती म्हणाली. रागाने नाही. मग म्हणाली, "जरा उशी वर करा."

मी उशी वर केली. मी गप्प राहिलो ते तिने सांगितलं म्हणून नाही. मला ते सोयीचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगायची छाती नाही, निदान इथे तरी लिहितो.

२१ एप्रिल

लेक सगळं करते. वेळेवर गोळी, अंग पुसणं, कूस बदलणं, वाटी तोंडाशी धरणं. हात एकदम हळुवार. पण हिच्याशी बोलते ती इस्पितळातल्या पेशंटशी बोलावं तसं. "जरा डाव्या कुशीवर. आता दुखतंय का? एक ते दहामध्ये किती?" ही म्हणते, "बाळा, जरा बस ना जवळ," तर म्हणते, "भांडी पडलीयत," आणि उठते.

माझ्याशी मात्र मायेने वागते. माझ्या ताटात वाढते, मी जेवलो का विचारते. काल मला म्हणाली, "बाबा, तुमची काय चूक? आईने सांगितलं की तुम्ही काय नाही म्हणणार होतात?" पाणी प्यायलो.

पूर्वी दोघींची फोनवर तासभर टकळी चालायची. आता एका खोलीत आहेत तर आवाज फक्त चमच्याचा येतो. ही दाराकडे बघत पडून असते. लेक आली की डोळे मिटून घेते, झोपल्याचं नाटक करते, म्हणजे तिला बोलावं लागू नये.

२४ एप्रिल

आज हिने सुपाचे चारच चमचे घेतले. डॉक्टरने फोनवर सांगितलं, महिना धरून चालू नका.

हिच्या हिशेबात फक्त माझे पुढचे दिवस आहेत. तिचे उरलेले कसे चाललेत ते तिने धरलंच नाही. आणि मी आयता बसून त्यावर जगतोय.

२६ एप्रिल, रविवार

सकाळी लेकीला म्हटलं, "इकडे टेबलाशी ये. एक दाखवायचंय."

"नंतर बाबा. आईचं अंग पुसायचंय."

"आधी हे बघ."

कॉम्प्युटर लावला. आठ फेब्रुवारीचा फोटो, कॅमेऱ्यातून आला तसा. शेजारी मी पाठवलेला. ती बघत राहिली. डाव्या फोटोत तिची आई पिवळी, उजव्या फोटोत छान. मग पंधरा तारखेचा, मग बावीसचा, एकेक जोडी लावत गेलो. मी बोलायची प्रॅक्टिस केली होती, पण ऐन वेळी ततपप झालं.

"आईने काही सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. "तिला माहीत नव्हतं. तिने हा फोटो बघून मला विचारलं होतं, मी अशी पिवळी दिसते का. सकाळी आरशातही वाटलं, म्हणाली होती. मी सांगितलं, बल्ब पिवळा आहे."

"आणि?"

"आणि तिने ऐकलं. रंगातलं मला कळतं म्हणून."

लेकीने खुर्चीची पाठ धरली होती. "मावशीने बघितलं होतं का?"

"तिने सांगितलं. मी तिला गप्प केलं."

"मग आई माझ्यापुढे खोटं का—" एवढं बोलून ती थांबली. माझ्याकडे बघितलं. तिला कळलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी खाली बघायला लागलो.

जरा वेळाने तिने आठ मार्चच्या फोटोवर बोट ठेवलं. "हे डोळे पांढरे कुणी केले?"

"मी. ब्रशने."

तिने मान हलवली, एखाद्या अनोळखी माणसाने पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी. मला काही बोलली नाही. बोलली असती तर मला आवडलं असतं. सरळ हिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी टेबलाशीच बसून राहिलो. मग लेकीचं रडणं, शाळेत पडून आली की रडायची तसं, मोठ्याने. मग हिचा आवाज, बारीक, समजूत काढणारा. मग दोघी बोलायला लागल्या. शब्द कळत नव्हते. एकदा ही हसली आणि हसता हसता तिला खोकला आला, आणि लेक म्हणाली, "अगं हळू, हळू," आणि तीही हसली.

मी चहा केला. तीन कप ट्रेमध्ये घेऊन दारापर्यंत गेलो. आत माझं नाव निघालं आणि मग दोघी गप्प झाल्या. परत आलो.

आता ऊन गॅलरीतून गेलंय. आत अजून बोलणं चाललंय. मी टेबलाशी बसून हे लिहितोय. चहा गार झाला, तो मोरीत ओतला. मला कुणी हाक मारलेली नाही. मी दार वाजवणार नाही.